पायांच्या रुग्णसेवेला उच्च शिक्षणाची जोड हवी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्या धर्मग्रामांतही असे घर विरळाच, जेथे साखरेच्या गोळ्यांची डबी नाही. परंतु मधुमेहाची चर्चा रक्तातील साखर, डोळे आणि मूत्रपिंडे यांच्यापाशीच थांबते. पावलांकडे आपले लक्ष जाते ते पाय कापण्याची वेळ आल्यावरच.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठाही घटतो. चपलेचा चावा, नख काढताना झालेली इजा किंवा टाचेवरील घट्टा दुखत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो. पुढे जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि अखेर गँगरीन होते. यातील कित्येक प्रसंग वेळीच टाळता येतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. मात्र त्यासाठी पावलाची परीक्षा जाणणारा माणूस रुग्णाजवळ असावा लागतो.

पाश्चात्य देशांत हे काम पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांचे चिकित्सक, करतात. ब्रिटनमध्ये हे नामाभिधान कायद्याने संरक्षित आहे. मान्यताप्राप्त शिक्षण घेऊन नियामक परिषदेच्या पटावर नाव नोंदविल्याशिवाय कोणालाही ते लावता येत नाही. मधुमेहीच्या पायावर नवी जखम वा संसर्ग आढळल्यास एका कामकाजाच्या दिवसात त्याला पदसेवा पथकाकडे पाठवावे, असे तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१५ पासून सांगत आहेत.

आम्हाला येथे विशेष लक्ष वेधावयाचे आहे ते पदवीनंतरच्या शिक्षणाकडे. प्रत्यक्ष रुग्णसेवेत असलेल्या पोडियाट्रिस्टसाठी तेथील विद्यापीठे अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितात. साठ श्रेयांकांचे प्रमाणपत्र, एकशे वीस श्रेयांकांची पदविका आणि एकशे ऐंशी श्रेयांकांची एम.एस्सी. अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. नोकरी न सोडता एकेक पायरी चढता येते. त्यांतील मधुमेही पाऊल, जखमांची चिकित्सा, चालण्याची यांत्रिकी आणि संशोधनपद्धती हे विषय रोजच्या कामाशी जोडलेले असतात. २०१३ पासून अशा जादा शिक्षणाच्या आधारे त्यांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकारही मिळू लागला. पदशल्यचिकित्सेसाठी तर याहून दीर्घ प्रशिक्षण आहे.

अनुभव असताना पुन्हा विद्यापीठात कशाला जावे, असा प्रश्न कोणी करील. याचे उत्तर एका उदाहरणातून मिळते. मधुमेहीचे पाऊल अचानक सुजते, गरम लागते, पण फारसे दुखत नाही. क्ष-किरण चित्रही सुरुवातीला निर्दोष दिसू शकते. मुरगळले असेल असे समजून रुग्णाला चालू दिले, तर आतील सांधे व हाडे ढासळून पाऊल कायमचे वाकडे होते. या विकाराला शार्को पाऊल म्हणतात. वेळीच प्लास्टर घालून पायावरील भार काढला, तर पायाचा आकार वाचविता येतो. असा सूक्ष्म भेद ओळखण्यास हातांच्या सवयीबरोबर शास्त्राचा अद्ययावत अभ्यासही लागतो.

ब्रिटनच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. इंग्लंडमध्ये २०१७ साली पोडियाट्रीसह अनेक आरोग्यशाखांच्या नव्या विद्यार्थ्यांचे सरकारी विद्यावेतन बंद झाले आणि या शाखेकडील ओढा घटला. २०२० पासून वार्षिक किमान ५,००० पौंडांचे साहाय्य पुन्हा सुरू करावे लागले. पदवीलाच विद्यार्थी नसतील, तर पदव्युत्तर वर्गात कोण बसणार? शिक्षणाची शिडी उभारताना ती चढणाऱ्याच्या खर्चाचाही विचार करावा लागतो.

भारत या विषयात अगदीच नवखा नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरुग्णाचे पाऊल आपोआप कुजत नाही, तर संवेदनाहीन भागावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने ते जखमी होते, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. तेच ज्ञान पुढे मधुमेहींच्या पावलांसाठी उपयोगी पडले. या शतकाच्या प्रारंभी नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियातील सहकाऱ्यांसमवेत ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम राबविला. त्यात डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना पावलांच्या सेवेचे प्रशिक्षण दिले गेले. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या परिशिष्टात पोडियाट्रिस्ट या व्यवसायाचा समावेश झाला आहे. नाव कायद्यात आले, परंतु पदवीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची सलग व्यवस्था देशभर उभी राहावयाची आहे.

येथे ख्रिस्तसभेच्या रुग्णसेवेला मोठे कार्यक्षेत्र आहे. डॉ. सिस्टर मेरी ग्लॉरी यांना धर्मभगिनी असूनही वैद्यकी करण्याची विशेष परवानगी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी दिली होती. त्यांनीच १९४३ साली कॅथोलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. सेवेची तळमळ आणि विद्यापीठीय ज्ञान यांत विरोध नाही, हे त्यांच्या जीवनाने दाखविले. बंगळुरूचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयही भारतीय बिशपांच्या याच दृष्टीतून १९६३ साली सुरू झाले.

आपल्या मिशन रुग्णालयांत वर्षानुवर्षे जखमा धुणाऱ्या, पट्ट्या बांधणाऱ्या परिचारिका व धर्मभगिनी आहेत. त्यांच्या अनुभवाला अभ्यासाची जोड मिळावी, अशी आमची अपेक्षा आहे. धर्मसंघांनी दरवर्षी एखादीला तरी अभ्यासरजा व आर्थिक पाठबळ द्यावे. कॅथोलिक महाविद्यालयांनी नोकरी सांभाळून करता येतील असे अभ्यासक्रम आखण्याचा विचार करावा. धर्मग्रामातील आरोग्य शिबिरात साखर तपासताना पादत्राणे काढून पावलेही तपासावीत.

पवित्र गुरुवारी वेदीसमोर पाय धुण्याचा विधी आपण भक्तिभावाने पाहतो. प्रभूने शिष्यांची पावले हातांत घेतली, तेव्हा त्याने कोणतेही काम हलके मानले नाही. आज त्याच्या सेवाभावाचे अनुकरण करताना त्या हातांना उत्तम ज्ञान मिळवून देणे हेही आपले कर्तव्य आहे. एखाद्या कष्टकऱ्याचा पाय वाचला, तर त्याच्या घराचा आधारही वाचतो.