चिंच आली आफ्रिकेतून

मांजरसुंब्याहून नेकनूरच्या बाजाराला या, नाहीतर केजकडून या. बांधावर चिंच दिसणारच. आपल्या मराठवाड्यात चिंचोली नावाची गावे तर मोजून दमाल. त्यातल्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे झाड मूळचे आफ्रिकेच्या रानातले, असे सांगितले की आमची आई अजून हसते.

जाणकारांचे म्हणणे मात्र तसेच आहे. फार जुन्या काळी चिंच तिकडून इकडे आली आणि इथलीच झाली. अरबांना ती आपल्याकडे भेटली, म्हणून त्यांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले. पुढे १७५३ साली लिनियसने शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ घातले. झाला घोटाळा पक्का! (गोरखचिंचही आफ्रिकेचीच, पण ती चिंचेची बहीण नव्हे. फळ आंबट म्हणून नाव पडले, एवढेच.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच पिकते. व्यापारी झाड उक्ते घेतो, गडी वर चढून झोडपतात, आणि पुढचे सारे बायांच्या हातावर. टरफल काढा, शिरा ओढा, हातोडीने ठोकून चिंचोका वेगळा करा. मजुरी किलोवर. बोटाला चीर असली की आंबट असे झोंबते, की रात्री भाकरी मोडवत नाही. आई गोडेतेल लावून बसायची.

त्याहून झोंबायचे ते माप. घरून निघताना पाटी जड, काट्यावर हलकी. बोलावे तर उद्या पोते मिळायचे नाही. मग माझ्या थोरल्या बहिणीने, तेव्हा ती चौथीत होती, किराणा दुकानात वजन करून रोजचा आकडा वहीत लिहायला सुरुवात केली. आठ दिवसांनी आईने वही व्यापाऱ्यापुढे धरली. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बायाही आपापली पाटी बहिणीपुढे आणून ठेवू लागल्या.

चिंचोकेही टाकाऊ नसतात बरे का, भगिनींनो. त्यांच्या पिठाची खळ कापडाच्या गिरण्यांत सुताला लागते. ते व्यापाऱ्याकडे परत जात असतील तर मजुरी ठरवतानाच तेही बोलून घ्या.

दाराशी जागा असेल तर कलम लावा. चिंचोका पेरला तर फळाला आठ-दहा वर्षे लागतात, कलम त्याच्या निम्म्या काळात धरते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘प्रतिष्ठान’ ही जात चांगली. आम्ही घरामागे एक लावले आहे. आई त्याला रोज तांब्याभर पाणी घालते आणि ‘आफ्रिकेच्या, वाढ लवकर’ म्हणते.