आता कुठली कूस?

तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेत का? माझी आजी होती. औषध वेळेवर, पेज वेळेवर. पण तिची कूस बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही! माकडहाडापाशी जखम झाली.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हे सुरुवातीलाच शिकवतात. एकाच जागी भार पडला की बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि कातडी मरू लागते. म्हणून साधारण दर 2 तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही हं, कातडी घासते. अंगाखालची चादर दोघांनी धरून, उचलून सरकवायचं. हे काम मोठ्यांचं.

तुमचं काम बघण्याचं. टाचा, घोटे, माकडहाड, खांदे. लाल दिसलं तर बोटानं हलकेच दाबा. दाबूनही लाली गेली नाही, तर लगेच आईला सांगा. डॉक्टरांना दाखवायला हवं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. मग हात लावून पाहा, गरम किंवा टणक लागतंय का? तिथं चोळू मात्र नका. आम्ही पावडर लावून चोळत बसलो होतो!

पुढे वहीत ‘डावी’, ‘उजवी’, ‘पाठ’ अशी नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. वही उघडली की आजी विचारायची, “आता कुठली गं?”