लस आणि लोकांचा विश्वास
लोक अडाणी म्हणून लस टोंचून घेत नाहींत, हें सुशिक्षितांचें आवडतें मत आम्हांस सपशेल अमान्य आहे. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यांनीं प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांस टोंचली. त्याच वर्षीं पुण्यांत गोरे सोजीर घराघरांत, देवघरांतसुद्धां, शिरत होते. सरकारची सुई आणि सरकारचा सोजीर यांत रयतेनें भेद कसा करावा? पुढें १९०२ सालीं पंजाबांत मलकोवाल येथें लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष एका दूषित बाटलीचा. पण हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडलें! इतका काळ संशय पोसावयाचा आणि वर लोकांसच भित्रे म्हणावयाचें, हा न्याय कोणता? २०२१ सालींही लशीस कचरणाऱ्या मोलकरणीस हंसणारीं घरें पुष्कळ होतीं. तिची शंका ऐकून घेणारीं थोडीं.