जुन्यांचा निरोप, नव्यांची पेरणी

मे 2025 मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला आणि भारतीय फलंदाजीचे दोन खांब एकदमच निखळले. त्यानंतर शुभमन गिलच्या तरुण संघाने इंग्लंडमध्ये मालिका 2–2 अशी बरोबरीत सोडविली. गिलने स्वतः 754 धावा काढल्या. पिढीपालटाचा प्रश्न सुटला, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्यास 124 धावांचा पाठलाग करताना आपला डाव 93 धावांत कोसळला. गिल जायबंदी होता, हे खरे. पण पाठोपाठ गुवाहाटीस 408 धावांनी झालेल्या पराभवाने उरलासुरला भ्रमही दूर केला.

ज्येष्ठ असते तर ही वेळ आली नसती, अशी हळहळ व्यर्थ आहे. 2024 मध्ये न्यूझीलंडने आपल्याच भूमीवर आपल्याला 3–0 असे लोळविले, तेव्हा हे दोघेही संघात होतेच. दोष माणसांच्या जाण्यात नाही. त्यांच्या जाण्याची तयारी आधीपासून झाली नाही, यात आहे. पुजाराने 2010 मध्ये आणि कोहलीने 2011 मध्ये कसोटी पदार्पण केले, तेव्हा द्रविड, लक्ष्मण आणि तेंडुलकर अजून निवृत्त झाले नव्हते. म्हणूनच 2013 मध्ये तेंडुलकर निवृत्त झाला त्या वेळी घर रिते झाले नाही.

त्याहून जुना धडा 1971 चा आहे. विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर कर्णधार झाले आणि वेस्ट इंडीजमध्ये एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने 774 धावांचा डोंगर रचला. परंतु त्याच दौऱ्यात तिशीतल्या दिलीप सरदेसाईंनी 642 धावा काढल्या, हे विसरून चालणार नाही. नव्या रक्ताला जुन्या हाडांचा आधार होता. विजय दोघांचा मिळून होता.

आज काय चित्र दिसले? इंग्लंडमधील पहिल्या कसोटीपासून कोलकात्यापर्यंत, अवघ्या सहा महिन्यांत, तिसऱ्या क्रमांकावर साई सुदर्शन, करुण नायर आणि वॉशिंग्टन सुंदर असे तिघे आजमावले गेले. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या पदरी पीक पडत नाही!

निवडसमितीला आमचे सांगणे एवढेच की, तरुणाला जागा द्यावयाची तर ती निदान एक संपूर्ण मालिका द्यावी. कसोटीची पारख वीस षटकांच्या आतषबाजीवरून न करता रणजी सामन्यांतील चिकाटीवरून करावी. आणि पुढचा ज्येष्ठ निरोप घेईल त्याच्या आधीच त्याचा वारसदार त्याच्या शेजारी उभा असावा. प्रेक्षकांनीही दोन अपयशांत तरुणांना मोडीत काढू नये. गेलेल्यांचा गौरव जरूर व्हावा. पण त्यांच्या कीर्तीवर पुढच्या पिढीच्या धावा निघत नाहीत. त्यासाठी आजच मशागत केली पाहिजे.