पोथी आणि प्रेरणा

ग्रंथ मिटा, मनांत उमटेल तें सांगा, असा उपदेश हल्लीं टॅरोचीं पानें शिकविणारे करूं लागले आहेत. कुंडली पाहणारेहि त्यांचीच री ओढतात. परभणी जिल्ह्यांतील पाथरी म्हणजे जुनें पार्थपूर. तेथील ज्ञानराजानें शके १४२५ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ रचलें, आणि त्याचा शिष्य ढुंढिराज यानें ‘जातकाभरण’. अमुक ग्रह अमुक स्थानीं, तर फळ अमुक, असें त्यांत स्वच्छ लिहिलेलें आहे. तीं फळें खरीं ठरतात असें आमचें म्हणणें नाहीं. पण लिहिलेलें खोटें पाडतां तरी येतें! आमच्या भाचीची ठरलेली सोयरीक एका गृहस्थांच्या ‘मनांत शंका आली’ म्हणून मोडली. आधार विचारला, तर आधार त्यांचें मनच. त्या मनाशीं वाद कोणीं व कसा घालावा?

बरें, टॅरोवाल्यांची प्रेरणा तरी स्वयंभू कोठें आहे? त्यांचा ७८ पानांचा बहुप्रचलित संच १९०९ सालीं वेट यांच्या सांगण्यावरून पामेला स्मिथ या बाईंनीं चितारला, आणि अर्थ सांगणारें पुस्तक वेट यांनींच लिहिलें. पोथी चित्रांत दडली, एवढेंच.

मेहुण्यांनीं आतां दुसरें स्थळ पाहिलें आहे. पत्रिका या खेपेस कोणालाहि दाखविलेली नाहीं.