सतरा वर्षांची उमेदवारी

पात्रता असेल तर उशिरा का होईना न्याय मिळतोच, या समजुतीचा दाखला म्हणून अमेरिकन मुष्टियोद्धा आर्ची मूर याची कारकीर्द वारंवार पुढे केली जाते. वरवर पाहता दाखला चोख आहे. १९३५ साली तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. लाइट हेविवेट, म्हणजे १७५ पौंडांपर्यंतच्या वजनगटाचे जगज्जेतेपद त्याला १७ डिसेंबर १९५२ रोजी मिळाले. पुढे १९६० नंतर संघटनांनी टप्प्याटप्प्याने मान्यता काढून घेतली. पण रिंगणात ते विजेतेपद त्याच्याकडून कोणालाही हिरावून घेता आले नाही.

परंतु मधल्या सतरा वर्षांचे काय? विजेत्याने कोणाशी लढावे हे त्या काळी क्रमवारी ठरवीत नसे. व्यवस्थापक आणि सामन्यांचे ठेकेदार ठरवीत. केवळ वर्ण आड आला असे म्हणता येत नाही, कारण जॉन हेन्री लुईस हा कृष्णवर्णीय १९३५ सालीच या गटाचा विजेता झाला होता. मात्र कृष्णवर्णीय, बलवान आणि गल्ला न जमवणारा असा प्रतिस्पर्धी विजेत्याला परवडत नसे. परिणामी असे लढवय्ये आपापसांतच पुनःपुन्हा झुंजत राहिले. एझर्ड चार्ल्सने मूरला तीनदा हरवले. या गटाच्या विजेतेपदाची लढत मात्र त्यालाही कधी मिळाली नाही.

मूरने वृत्तपत्रांच्या क्रीडासंपादकांना पत्रांमागून पत्रे धाडली. अर्जावर अर्ज करणे म्हणजे काय, हे कचेरीत आयुष्य घालवणाऱ्यास सांगावयास नको. अखेर तो ज्या सेंट लुईस शहरात वाढला तेथेच लढत ठरली, ती विजेता जोई मॅक्सिम याला एक लाख डॉलरची हमी देऊन. पंधरा फेऱ्यांत मॅक्सिमला निर्विवाद नमवणाऱ्या मूरच्या हाती पडले अवघे आठशे डॉलर. शिवाय मॅक्सिमचे व्यवस्थापक जॅक कर्न्स पुढे मूरचेही व्यवस्थापक झाले. हा न्याय म्हणावयाचा की खंडणी?

तेव्हा मूरचे वय छत्तीस होते की एकोणचाळीस, हा वाद वेगळाच. तो आपला जन्म १९१६ चा सांगे, त्याची आई १९१३ चा. सेवापुस्तक असते तर प्रश्न एका नोंदीत निकालात निघाला असता! १९५५ साली त्याने रॉकी मार्सियानोसारख्या अपराजित हेविवेट विजेत्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडले, जरी नवव्या फेरीत तो हरला. १९५८ च्या डिसेंबरात मॉन्ट्रिअल येथे इव्हॉन ड्युरेलने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा आणि पाचव्या फेरीत पुन्हा एकदा लोळवले. तरीही अकराव्या फेरीत जिंकला तो मूरच. या लढतीची स्तुती चिकाटीचा विजय म्हणून होते, आणि ती रास्तच आहे. पण चाळिशी ओलांडून किंवा तिच्या उंबरठ्यावर जो एवढे करू शकला, तो ऐन पंचविशीत विजेत्यासमोर काय करता, हे जगाला पाहू दिले गेले नाही.

चिकाटीचे गोडवे गाताना आणखी एक नाव घ्यावयास हवे. १९४४ साली चार्ली बर्ली याने मूरचा पराभव केला होता. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत तो सर्वश्रेष्ठ, असे खुद्द मूरचे मत होते. बर्लीला जगज्जेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. पुढे त्याने पिट्सबर्ग शहरात कचरा गोळा करण्याची नोकरी केली.