जमाखर्च : टोपलीवर नाव कोणाचे?



आठवडा बाजारात सूप घ्यायला आलेले गिऱ्हाईक घासाघीस केल्याशिवाय परतत नाही. "एवढ्याशा सुपाचे एवढे पैसे?" हा प्रश्न ठरलेला. तेच गिऱ्हाईक किनाऱ्यावरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात उतरले आणि तिथे त्याच विणीचे, त्याच बांबूचे दिव्यावरचे झाकण टांगलेले दिसले, की मान वर करून म्हणते, "वा, काय कलाकृती आहे!" मग किंमत विचारायचीही त्याला हिंमत होत नाही. बांबू तोच, वीण तीच, कदाचित विणणारे हातही तेच. मग बदलले काय? या आठवड्याचा जमाखर्च याच प्रश्नाचा.

दक्षिण कोकणात आणि शेजारच्या गोव्यात बांबूचे काम पिढ्यान् पिढ्या आपल्या समाजाच्या हातात होते. देशावर ते बुरुडांकडे, इकडे आपल्या वाड्यांत. सूप, रोवळी, परडी, हारा, भात साठवायची कणगी, पावसातले इरले, यांच्यावाचून शेतकऱ्याचे घर चालत नसे. सूप सरळ माजघरात जाई, धान्याला लागे. ते विणणारा मात्र अंगणाच्या कडेला उभा. मोबदला बहुधा भाताच्या मापाने, आणि माप देणाऱ्याच्या मर्जीने. त्याला कोणी हक्क म्हणत, कोणी बलुते म्हणत. हिशेबाच्या भाषेत त्याला किंमत म्हणता येत नाही, कारण किंमत ठरवताना दोन्ही बाजूंना बोलता आले पाहिजे.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. जातीने नुसते काम वाटले जात नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात, हे त्यांनी समाजाला समजावून दिले. गावकीची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हातातला कोयता काढून पेन्सिल दिली. आज आपल्यातला कोणी कारकुनी करतो, कोणाची मुलगी नर्स आहे, कोणाची शिक्षिका आहे, ते त्या निर्णयाचे फळ. त्याबद्दल खंत करण्याचे काडीचेही कारण नाही.

"परंपरा जपा" असा गोड उपदेश करणाऱ्यांना म्हणूनच एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. चांभाराच्या पोराने चांभारकी शिकावी, परटाच्या पोराने धुणे. लोक खवळले. कामराज मुख्यमंत्री झाल्यावर १९५४ साली योजना गुंडाळावी लागली. कलेच्या नावाखाली शाळेचा तास कापला जात असेल, तर ती कला आपल्याला महागात पडते.

इथवर बहुतेकांचे एकमत होईल. पण धंदा सोडताना त्या धंद्यातली विद्याही हलकी होती, असे आपण मनात धरून बसलो आहोत का? हे मात्र तपासून पाहायला हवे.

आपल्या जिल्ह्यात माणगा बांबू होतो. त्याला काटे नसतात आणि तो बराचसा भरीव असतो. जुनी माणसे तो पावसाळा सरल्यावर तोडीत आणि वाहत्या पाण्यात मुरत ठेवीत. का? बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा जगतो. पाण्यात तो अंश निघून जातो आणि बांबू टिकतो. आज कारखान्यात हेच काम बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात होते. म्हणजे शास्त्र आपल्या आजोबांकडेही होते, फक्त त्याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते.

२००४ साली कुडाळला कोकण बांबू आणि केन विकास केंद्र, म्हणजे 'कोनबॅक', सुरू झाले. तिथे डिझाइनर आणि वास्तुशिल्पी याच माणग्यापासून फर्निचर, मंडप, अख्खी घरे घडवू लागले. खासगी जमिनीतला बांबू कायद्याने 'झाड' गणला जात असल्यामुळे तोडणीला आणि वाहतुकीला अडचणी येत. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने भारतीय वन कायद्यात बदल करून जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातून मोकळे केले. बांबूला बरे दिवस आले ते असे. आता प्रश्न एवढाच की विणणाऱ्याला आले का?

बी.कॉम.ला आम्हाला 'गुडविल' शिकवले होते, मराठीत नावलौकिक. धंदा विकताना टेबल, खुर्च्या, माल यांची किंमत धरतातच, पण नावाचीही वेगळी किंमत धरतात आणि ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूला लिहितात. आता आपल्या टोपलीचा ताळेबंद मांडून पाहा. विणणाऱ्याचे नाव, म्हणजे त्याची जात, कळली की टोपलीचा भाव उतरत असे. त्याचे नाव देण्याच्या बाजूला पडलेले. तीच टोपली एखाद्या चित्रकाराने, डिझाइनराने हातात घेतली की त्याच्या नावाने भाव चढतो. त्याचे नाव मालमत्तेत. सगळी गोम या एका नोंदीत आहे. म्हणून कलावंत आणि कारागीर यांचा संबंध तपासताना मी एकच गोष्ट बघतो : नाव कोणाचे लागले?

जपानचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात ओसाकाला हायाकावा शोकोसाई नावाचा टोपल्या विणणारा होऊन गेला. आपल्या टोपलीवर सही करणाऱ्या पहिल्या काही कारागिरांत त्याची गणना होते. टोपलीवर सही! आपल्याकडे हसले असते. पण तिथे पुढे पिढ्यान् पिढ्या टोपल्या सहीनिशी विकल्या गेल्या, आणि १९६७ साली शोनो शोउनसाई या बांबू विणणाऱ्याला जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. आज त्या टोपल्या जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. बांबू आपल्याही परसात आहे. फरक सहीचा आहे.

इतके लांब जायलाच नको. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे पाहा. वारली चित्रे मूळची बायकांची, लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर काढलेली, आणि कोणाचेच नाव नसलेली. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने मशे यांचे काम पाहिले आणि त्यांच्या नावानिशी ते शहरात नेले. मशे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या नामांकित इंग्रज कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन झाले, दोन्ही नावे बरोबरीने. २०११ साली पद्मश्री मिळाली. कोलकात्याच्या शिल्पकार मीरा मुखर्जी बस्तरच्या घडवा कारागिरांकडे ओतकाम शिकायला गेल्या आणि भारतातल्या धातुकारागिरांवर त्यांनी पुस्तकच लिहिले. कलावंत सगळे लुटायला येतात असे म्हणणे म्हणूनच खरे नाही.

उलट बाजूही आहे. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला 'प्राडा' या कंपनीच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात कोल्हापुरी चप्पल दिसली. नाव मात्र कुठेच नाही, नुसतीच चामड्याची चप्पल. कोल्हापुरी चपलेला तर २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले होते, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे महामंडळ यांच्याशी करार झाला. दोन हजार जोड इथे बनवून सुमारे ८०० युरोला एक असे विकायचे. कोल्हापूरच्या दुकानात काही शे रुपयांपासून मिळणारी ही वस्तू! यात कारागिराच्या हाती जोडामागे किती पडते, हा पुढचा आणि खरा हिशेब. पण लोक बोलले म्हणून निदान नाव लागले, हे विसरू नये.

आणि काहींनी तर शिवीचेच नाव केले. धारावीत सुधीर राजभर या तरुण कलावंताने चामड्याचे काम करणाऱ्यांना बरोबर घेऊन 'चमार स्टुडिओ' सुरू केला. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर चामड्याचा धंदा बसला होता. त्यांनी टाकाऊ रबर घेतले आणि चामडे कापणाऱ्या, शिवणाऱ्या त्याच हातांनी पिशव्या आणि खुर्च्या केल्या. २०२४ साली अमेरिकेत मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात त्या खुर्च्या मांडल्या गेल्या. जो शब्द तोंडावर फेकला जाई, तो त्यांनी वस्तूवर छापला. देण्याच्या बाजूची नोंद मालमत्तेच्या बाजूला आणली ती अशी.

प्रभाकर कांबळे या आपल्याकडच्या कलावंताने मातीची मडकी घेतली. त्यांची 'उतरंड' ही कलाकृती २०२२ साली बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात होती. उतरंड म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला विचारा. मोठे मडके खाली, लहान वर, आणि सगळा भार खालच्यावर. जातीची उतरंड समजावून सांगायला भाषण लागत नाही, मडकी पुरतात. कुंभाराची वस्तू, पण बोलणे आजचे. जुन्या कारागिरीतून नवे काही सांगता येते ते याप्रमाणे.

आपल्या पिंगुळीलाही हे घडले आहे. ठाकर आदिवासी समाजातले परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि बाहुल्यांचे संग्रहालय २००६ साली आपल्याच घरच्या गोठ्यात थाटले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतल्या रामायण-महाभारताच्या कथा आपल्याला पटोत न पटोत, पण जागा स्वतःची, नाव स्वतःचे, दाखवणारे स्वतःचे, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आता व्यवहाराचे बोलू. आपल्या ओळखीत कोणी अजून विणत असेल, किंवा एखाद्या मुलीने हौसेने शिकायला घेतले असेल, आणि शहरातला कलावंत वा डिझाइनर काम घेऊन आला, तर या चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, नाव. वस्तूच्या चिठ्ठीवर, प्रदर्शनाच्या पाटीवर, छापील पुस्तिकेत कारागिराचे नाव येणार का? 'स्थानिक कारागीर' हे कोणाचे नाव नव्हे.

दुसरी, दर. नगावर ठरवण्याआधी एक नग विणायला किती तास लागतात ते घड्याळ लावून लिहून काढा. बांबू तोडणे, चिरणे, पाती काढणे, भिजवणे हे तासही त्यात धरा. घरातली बाई पाती सोलून देते, ते तास कोणीच धरत नाही. ते आधी धरा.

तिसरी, नमुना. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलात्मक कारागिरीलाही जागा आहे, आणि ती आपली म्हणून सांगण्याचा कर्त्याचा हक्कही आहे. डिझाइन नोंदणीसाठी २०००चा कायदा वेगळा. नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून अधिक नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. जुने सूप कोणा एकाच्या मालकीचे नाही. पण नवा आकार दोघांनी मिळून काढला असेल, तर दोघांची नावे पहिल्या दिवशीच कागदावर यावीत.

चौथी, शाळा. कामाची गर्दी असली तरी शाळेच्या वेळेत मुलाच्या हातात कोयता देऊ नये. यावर तडजोड नाही.

आयाबहिणींना एक विनंती. माळ्यावर सासूबाईंच्या हातची रोवळी पडली असेल तर ती खाली काढा, पुसा, आणि मुलांना सांगा की ही अमुक आजीने विणली. जात म्हणून लादलेले काम आपण टाकले, ते योग्यच केले. मुलाने इंजिनिअर व्हावे, वकील व्हावे. त्याला बांबूत रस वाटला तर त्याने कलाशाळेत रीतसर शिकून बांबूचा कलावंतही व्हावे, आणि ते शिक्षण वाण्याच्या किंवा ब्राह्मणाच्या मुलालाही तितकेच खुले असावे. धंदा जन्माने मिळू नये आणि जन्माने अडूही नये.

फक्त टोपली विणून झाली की तिच्या बुडाला विणणाऱ्याची सही असावी. ती एक नोंद आपल्या खात्यात शेकडो वर्षे राहून गेली आहे.

जयभीम.